मरणाची भाषा

‘मरणाची भाषा करूं नये’ हें वाक्य ज्या घरांत कधीं उच्चारलें गेलें नाहीं, असें मराठी घर सांपडणें कठीण. आजोबांनीं सहज म्हणावें, ‘पुढच्या दिवाळीला कोण आहे, कोण नाहीं,’ आणि स्वयंपाकघरांतून लगेच उत्तर यावें, ‘अभद्र कांहीं बोलूं नका, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.’ आजोबा गप्प बसतात, विषय बदलतो, आणि सर्वांना क्षणभर बरें वाटतें. त्या क्षणभराच्या बऱ्या वाटण्याची किंमत पुढें कोण भरतो आणि किती भरतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी भाषेनें या बाबतींत पाळलेला संकोच पाहण्यासारखा आहे. घराबाहेर पडणारा मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, नारळ फोडला तर तोहि ‘वाढवला’. मनुष्य मरत नाहीं. तो वारतो, निवर्ततो, देवाघरीं जातो, त्याला देवाज्ञा होते. नांवाच्या मागें कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी किंवा ख्रिस्तवासी लागतें. जणू काय गेलेला मनुष्य बिऱ्हाड बदलून दुसऱ्या पेठेंत राहावयास गेला आहे. विम्याचा एजंट दारीं आला म्हणजे तोहि ‘उद्यां कांहीं बरें-वाईट झालें तर’ एवढेंच म्हणतो, आणि त्या बऱ्या-वाइटांतलें बरें तें कोणतें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. या शब्दांत वाईट कांहीं नाहीं. दुःखितापुढें कठोर शब्द टाळणें ही सभ्यताच होय. परंतु मऊ शब्द वापरणें निराळें आणि शब्दच न वापरणें निराळें. पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर केव्हां झालें, हें पुष्कळ घरांना कळलेंहि नाहीं.

मराठी मनाला मरणाची चर्चाच वर्ज्य आहे, असें म्हणावें तर तेंहि खरें ठरत नाहीं. कठोपनिषदांतला नचिकेत हा पोरवयाचा मुलगा यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी बसतो आणि त्यालाच विचारतो कीं, मेल्यावर माणूस राहतो कीं राहत नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रत्यक्ष यमहि प्रथम विषय बदलूं पाहतो! पुत्रपौत्र माग, हत्ती-घोडे माग, सोनें माग, दीर्घ आयुष्य माग, पण हें विचारूं नकोस, असें तो म्हणतो. थोडक्यांत, घरोघरचीं वडील माणसें जें करतात तेंच यमानें केलें. फरक एवढाच कीं, नचिकेत बधला नाहीं आणि उपनिषद निर्माण झालें. महाभारतांतल्या यक्षाच्या प्रश्नाला युधिष्ठिरानें दिलेलें उत्तर सर्वश्रुत आहे: रोज माणसें मरतांना दिसतात, तरी मागें उरलेल्यांना आपण कायमचे आहोंत असें वाटतें, यापरतें आश्चर्य नाहीं. ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ मध्यें, म्हणजे इ. स. १२९६ सालीं, आळंदीस समाधि घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नांवावरील अभंग आजहि गाइले जातात, आणि कार्तिकांत हजारों वारकरी त्याच दिवसासाठीं आळंदीला लोटतात. स्वतःचें मरण स्वतःच पाहिल्याचा आनंद हा तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगाचा विषय आहे. शिवाय मृत्यूनंतरच्या दिवसांत अनेक घरांतून गरुडपुराण वाचलें जातें, तें निराळेंच.

मग अडतें कोठें? अडतें तें येथें कीं, हें सारें बोलणें सर्वांच्या मरणाविषयीं आहे, संतांच्या मरणाविषयीं आहे, किंवा होऊन गेलेल्या मरणाविषयीं आहे. कीर्तनांत ‘देह नाशिवंत’ हें ऐकून मान डोलावणारा गृहस्थ घरीं येतो, आणि पलीकडच्या खोलींत वडील आजारी असतात, त्यांच्यापाशीं मात्र तो क्रिकेटविषयीं बोलतो. मरण बोलतां येतें. या माणसाचें, या घरांतलें, या वर्षींचें मरण बोलतां येत नाहीं. आणि नेमकी तीच भाषा उपयोगाची असते.

दृश्य परिचयाचें आहे. डॉक्टर मुलाला खुणेनें बाहेर बोलावतात. व्हरांड्यांत दोन मिनिटें बोलणें होतें. मुलगा विनवतो, ‘त्यांना मात्र सांगूं नका, ते हाय खातील.’ मग डोळे कोरडे करून तो आंत येतो आणि म्हणतो, ‘बाबा, रिपोर्ट चांगले आहेत.’ बाबा मान हलवतात. परंतु बाबांना डोळे आहेत. नागपूरचा भाऊ सणवार नसतांना भेटावयास आला, सासरची मुलगी परतण्याचें नांव काढीत नाहीं, पथ्याचा पदार्थ मागितला तरी कोणी रागावत नाहीं, डॉक्टर पूर्वींसारखे खाटेपाशीं बसत नाहींत, हें सारें ते पाहत असतात. त्यांना कळतें, आणि मुलांना वाईट वाटूं नये म्हणून तेहि न कळल्याचें सोंग घेतात. घरांतील प्रत्येक जण प्रत्येकाला सांभाळीत असतो, आणि त्या सांभाळण्यांत प्रत्येक जण एकटा पडतो.

या सोंगाचा शास्त्रशुद्ध अभ्यासहि झाला आहे. अमेरिकेंतील बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनीं रुग्णालयांत मरणासन्न रोगी आणि त्यांच्या भोंवतालचीं माणसें यांचें निरीक्षण करून १९६५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं चार अवस्था सांगितल्या: रोग्याला कांहींच ठाऊक नसणें, त्याला संशय येणें, दोन्ही बाजूंना ठाऊक असून दोघांनींहि सोंग वठवणें, आणि अखेरची, मोकळेपणानें बोलणें. तिसरी अवस्था मराठी घरांना समजावून सांगावी लागणार नाहीं. त्याच्याहि फार पूर्वीं, १८८६ सालीं, टॉल्स्टॉयनें इव्हान इलिच नांवाच्या न्यायाधीशाच्या मरणाची कथा लिहिली. त्या कथेंतील रोग्याला वेदनेपेक्षां अधिक जाच होतो तो भोंवतालच्या माणसांच्या खोटेपणाचा. सारें घर त्याला ‘बरें होईल’ असें सांगत असतां गेरासीम नांवाचा एक तरुण खेडवळ नोकर तेवढा त्याच्याशीं सरळ वागतो, त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो; आणि त्या बड्या अधिकाऱ्याला शेवटच्या दिवसांत जो विसावा मिळतो तो त्या नोकरापाशीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. खरें सांगितल्यास रोग्याचा धीर सुटेल, आशा संपेल, आणि जो चार महिने जगावयाचा तो चार दिवसांत जाईल, ही भीति प्रेमांतून उपजलेली आहे. तिला हंसून चालणार नाहीं. ऐकण्याची इच्छाच नसलेले रोगीहि असतात, आणि न ऐकण्याचा त्यांचा हक्क मानलाच पाहिजे. परंतु आशा म्हणजे केवळ रोग बरा होण्याची आशा नव्हे. ती संपल्यावरहि माणसाला आशा करण्यासारखें पुष्कळ उरतें: आजची रात्र दुखल्याशिवाय जावी, नातीचें बारसें पाहावें, गांवच्या घराच्या ओटीवर एकदां बसावें, रुसलेल्या भावाशीं बोलावें. या आशा लहान आहेत, पण पुऱ्या होण्याजोग्या आहेत. मात्र त्या पुऱ्या करावयाच्या तर वेळ किती आहे हें दोन्ही बाजूंना ठाऊक असावें लागतें. खोट्या आशेनें या खऱ्या आशांची मुदत टळून जाते.

दुखण्याच्या बाबतींत तर मौनाचा दंड शरीराला भरावा लागतो. सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनीं परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून मरणासन्न रोग्यांची सेवा केली आणि १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट क्रिस्टोफर्स ही संस्था स्थापिली. अशा रोग्याची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीहि वेदना तींत मिसळलेली असते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. भारतांत या प्रकारची पहिली संस्था मुंबईस बांद्र्याला १९८६ मध्यें सुरू झाली. तिचें नांव शांति आवेदना सदन. केरळांत कालिकतला १९९३ सालीं डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांचे सहकारी यांनीं असें काम आरंभिलें, आणि पुढें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीनें घरोघर पोहोंचलें. मॉर्फिन हें कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील जुनें आणि स्वस्त औषध. पण अमली पदार्थांविषयींच्या १९८५ च्या कायद्यामुळें तें मिळणें फार अवघड होऊन बसलें, आणि २०१४ च्या दुरुस्तीनें तो मार्ग पुष्कळ मोकळा झाला. तरीहि औषध मागावयाचें तर ‘आतां रोग हटणार नाहीं, दुखणें तरी हटवा’ असें कोणी तरी म्हणावें लागतें. जें घर हें वाक्य उच्चारीत नाहीं, त्या घरांतला रोगी उपचारांच्या मागें धांवतां धांवतां कण्हत राहतो.

दुसरा दंड घरच्यांना भरावा लागतो, आणि तो बहुधा मध्यरात्रीं. अतिदक्षता विभागाबाहेर तरुण डॉक्टर येऊन विचारतो, ‘श्वास बंद पडत आहे; यंत्र लावावयाचें कां?’ बाहेर दोन मुलगे, एक मुलगी, एक सून. वडिलांना काय हवें होतें, हें चौघांपैकीं एकालाहि ठाऊक नसतें; कारण तो विषय निघाला तेव्हां तेव्हां ‘अभद्र बोलूं नका’ असें सांगून मिटवण्यांत आला होता. ‘लावा’ म्हणणाऱ्याला पुढें वाटतें, आपण त्यांचे हाल वाढवले. ‘नको’ म्हणणाऱ्याला वाटतें, आपण त्यांना सोडून दिलें. कांहीं घरांत ते भाऊ पुढें वर्षानुवर्षें एकमेकांशीं मोकळेपणानें बोलत नाहींत. मालमत्तेसाठीं माणसें मृत्युपत्र करतात. दागिना कोणाला, सदनिका कोणाला, हें त्यांत बारकाईनें लिहितात. ज्या देहानें ती मालमत्ता मिळवली, त्याचे अखेरचे दिवस कसे जावेत, याविषयीं मात्र एक ओळहि मागें नसते.

भारतीय न्यायालयांपुढें हा प्रश्न आला तो एका मराठी शहरांतूनच. अरुणा शानभाग या मुंबईंतील परिचारिका १९७३ मधील अत्याचारानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ भान हरपलेल्या स्थितींत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीनें केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं नामंजूर केला. परंतु विशिष्ट अटींखालीं जीवनाधार काढून घेतां येईल, हें तत्त्व त्या निकालानें प्रथमच मान्य केलें. त्या खटल्यांतला कळीचा मुद्दा हाच होता कीं, त्यांच्या वतीनें बोलावें कोणी? ज्या परिचारिकांनीं त्यांना इतकीं वर्षें जपलें, त्यांचें मत अर्जाच्या विरुद्ध होतें. स्वतः अरुणाबाईंची इच्छा कोणालाहि कळण्यासारखी नव्हती. १८ मे २०१५ रोजीं त्या निवर्तल्या. पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें निर्णय दिला कीं, सन्मानानें मरण येणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि बरें होण्याची आशा उरली नसतां कोणते उपचार नकोत, हें सज्ञान व शुद्धींत असलेल्या माणसाला आधींच लिहून ठेवतां येईल. आरंभींची पद्धति फार किचकट होती; २४ जानेवारी २०२३ रोजीं ती सोपी करण्यांत आली. आतां दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो लेख नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. आपण बोलूं शकलों नाहीं तर कोणीं निर्णय घ्यावा, त्या जवळच्या माणसांचीं नांवें त्यांत लिहावीं लागतात. आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर रुग्णालयांतील डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमति लागते. औषध टोचून मरण आणणें हा मात्र आजहि गुन्हाच आहे, आणि या लेखाचा त्याच्याशीं संबंध नाहीं.

कायद्यानें कागद दिला. पण कागद बोलत नाहीं. कपाटांत कुलूपबंद असलेला लेख मध्यरात्रीं कोणाला सांपडणार? नेत्रदानाचेंहि तसेंच आहे. डोळे साधारण सहा तासांच्या आंत काढावे लागतात, आणि त्या घडीला होकार द्यावयाचा असतो तो घरच्या माणसांनीं. मृतानें हयातींत अर्ज भरून दिला होता, एवढें पुरत नाहीं. त्यानें तो घरांत बोलून दाखवला होता कां, यावर सारें अवलंबून असतें.

मरण येऊन गेल्यावर तरी भाषा मोकळी होते काय? समाचाराला येणारीं माणसें येतात. ‘देवापुढें कोणाचें काय चालणार,’ ‘सुटले बिचारे,’ ‘आतां तुम्हींच धीर धरला पाहिजे,’ असें म्हणून जातात. जुन्या लोकांनीं शोकासाठीं दिवस नेमून दिले, यांत मोठा शहाणपणा होता. तेरावा असो, मुसलमान घरांतील चाळिसावा असो, बौद्ध कुटुंबांतील पुण्यानुमोदन असो, कीं ख्रिस्ती लोकांचा २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस असो. त्या निमित्तानें माणसें जमतात आणि गेलेल्याचें नांव निघतें. अडचण येते ती त्या दिवसांनंतर. चौदाव्या दिवशीं सर्वांनीं आपापल्या कामास लागावें, आणि विधवा झालेल्या बाईपुढें तिच्या नवऱ्याचें नांवहि काढूं नये, अशी रीत पडते. तिला आठवण होईल म्हणून! जसें कांहीं कोणी बोललें नाहीं तर तिला आठवण होतच नाहीं.

बौद्ध वाङ्मयांत किसा गोतमीची कथा आहे. मेलेलें मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. बुद्धानें तिला सांगितलें कीं, ज्या घरांत कोणी मेलें नाहीं अशा घरांतून मोहऱ्या आण. या कथेचा अर्थ सामान्यतः एवढाच सांगितला जातो कीं, मरण सर्वांना आहे. परंतु एवढेंच सांगावयाचें असतें तर तें बसल्या जागीं एका वाक्यांत सांगतां आलें असतें. बुद्धानें तिला दारोदार पाठवलें. प्रत्येक दारीं तिनें विचारलें, ‘तुमच्या घरांत कोणी गेलें आहे कां?’ आणि प्रत्येक दारीं कोणी तरी आपलें दुःख तिला सांगितलें. औषध मोहरींत नव्हतें; तें त्या विचारण्या-सांगण्यांत होतें.

अलीकडे पश्चिमेकडे असाच एक प्रघात पडला आहे. बर्नार क्रेटाझ या स्विस समाजशास्त्रज्ञानें २००४ सालीं नशातेल येथें लोकांना केवळ मरणाविषयीं बोलण्यासाठीं उपाहारगृहांत एकत्र आणलें. त्यावरून स्फूर्ति घेऊन जॉन अंडरवुड यांनीं २०११ सालीं लंडनमधील आपल्या घरीं अशीच बैठक भरवली. चहा, केक आणि अनोळखी माणसें. ती पद्धत अनेक देशांत पसरली. २०१७ मध्यें स्वतः अंडरवुड ४४ व्या वर्षीं अकस्मात् वारले, आणि त्यांच्या आईनें व बहिणीनें तें काम पुढें चालवलें. अनोळखी माणसांत जें सहज बोलतां येतें, तें घरांत बोलावयास जड जातें, हेंहि या बैठकांच्या लोकप्रियतेवरून दिसून येतें.

शोकाविषयींच्या शास्त्रीय कल्पनाहि बदलल्या आहेत. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनीं १९६९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत मरणाऱ्या माणसाच्या मनाच्या पांच अवस्था सांगितल्या: नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. लोकांनीं त्यांचा जिना केला आणि शोक करणाऱ्यानेंहि तो एकेक पायरी चढावा असें मानलें. मनें मात्र अशा ठराविक क्रमानें चालत नाहींत, असें पुढें दिसून आलें. १९९६ मध्यें डेनिस क्लास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं संपादिलेल्या ग्रंथानें आणखी एक समजूत खोडून काढली. गेलेल्याला विसरणें म्हणजे शोकांतून बाहेर पडणें, असें नव्हे. त्याच्याशीं असलेलें नातें निराळ्या रूपानें चालूच राहतें, आणि तें निरोगी मनाचें लक्षण असूं शकतें. वर्षातून एकदां तिथीला आईच्या आवडीची भाजी करणाऱ्या आणि पितृपक्षांत पान वाढणाऱ्या घरांना हें नवें वाटणार नाहीं. मात्र त्या पानापाशीं बसून आईच्या चार गोष्टी मुलांना सांगितल्या गेल्या, तरच तें नातें चालू राहिलें असें म्हणावयाचें. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ दुसरें काय आहे? १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक म्हणजे एका मुलानें गेलेल्या आईविषयीं रात्रीमागून रात्र बोलत राहणें होय. आणि मराठी घरांतल्या पिढ्यान् पिढ्या तें ऐकून मोकळेपणानें रडल्या आहेत.

लहान मुलांच्या बाबतींत तर अधिकच सावध राहावें लागतें. ‘आजी गांवाला गेली’ असें सांगितलेलें मूल खिडकींत वाट पाहत बसतें. ‘आजी झोपली’ असें सांगितलेलें मूल झोपावयास भिऊं लागतें. ‘आजी मेली, तिचें शरीर थांबलें, ती आतां परत येणार नाहीं, पण तिच्याविषयीं हवें तेव्हां बोलूं या,’ एवढीं चार साधीं वाक्यें मुलाला पेलतात. खोट्याचें ओझें मात्र त्याला पेलत नाहीं.

राहिला परलोकाचा प्रश्न. मेल्यावर काय, याचें उत्तर एका मराठी गांवांतहि एक मिळत नाहीं. कोणी पुनर्जन्म मानतो, कोणी कयामतीचा दिवस, कोणी पुनरुत्थान, कोणी निर्वाण. कोणाला राखेपलीकडे कांहींच दिसत नाहीं. या विषयावर देवांनाहि पूर्वीं संशय होता, असें यमच नचिकेताला सांगतो. तेव्हां घरांत एकमत झालेंच पाहिजे, असा हट्ट नको. पण एकमेकांचें मत ठाऊक असावें. आईची श्राद्धावर श्रद्धा आणि मुलाची नाहीं. किंवा वडील कर्मकांड न मानणारे आणि बाकीचें घर मानणारें, असें पुष्कळ ठिकाणीं असतें. अशा वेळीं हयातींतच विचारलें असतां तोड निघते. चितेपाशीं विचारलें तर भांडण होतें. सुधारक आगरकर दीर्घकाळ दम्यानें आजारी होते आणि १७ जून १८९५ रोजीं वयाच्या ३९ व्या वर्षीं वारले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं वेगळे बांधून ठेवलेले मागाहून आढळले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. उलट टोकाची श्रद्धा असलेल्या विनोबांनीं १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनारला अन्न व औषध घेण्याचें थांबवलें आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला; त्यांचा निर्णय आश्रमांत आणि आश्रमाबाहेर सर्वांना ठाऊक होता. एकाची परलोकावर श्रद्धा नव्हती, दुसऱ्याची ईश्वरावर अढळ श्रद्धा होती. पण आपण जाणार, ही गोष्ट दोघांनींहि लपवली नाहीं. मरणाविषयीं मोकळें असणें हें कोणत्याहि एका पंथाच्या मालकीचें नाहीं, असाच याचा अर्थ.

मग बोलावें तरी कसें? पहिली गोष्ट, प्रकृति ठणठणीत असतांना बोलावें. तेव्हां तें बोलणें निरोपासारखें वाटत नाहीं, घरच्या इतर व्यवस्थेसारखें वाटतें. दुसरी गोष्ट, सांगण्यापेक्षां विचारावें. ‘बाबा, डॉक्टरांनीं जें सांगितलें तें सगळें ऐकायचं आहे कां तुम्हांला? कीं आम्हींच ऐकून घेऊं?’ असें विचारल्यानें ज्याला ऐकावयाचें त्याला दार उघडतें आणि ज्याला नको त्याचाहि मान राहतो. तिसरी गोष्ट, वडील माणसें हा विषय बहुधा स्वतःच काढतात, पण आडवळणानें: ‘माझ्यामागें या झाडांना पाणी कोण घालणार?’ ‘ती पैठणी धाकटीला द्या.’ अशा वेळीं ‘असं काय बोलतां, तुम्हांला काय झालंय?’ असें म्हणून तोंड बंद करूं नये. ‘आणखी काय वाटतं तुम्हांला?’ एवढाच प्रश्न विचारून गप्प बसावें. चौथी गोष्ट, बोलणें व्यवहारापाशींच थांबूं देऊं नये. लॉकरची किल्ली, बँकेचें नामनिर्देशन, उपचारांचा लेख, हें सारें हवेंच. पण त्याच्या पाठोपाठ ‘माझं चुकलं असेल तर मनांत ठेवूं नकोस’ आणि ‘तुझ्यामुळें माझं आयुष्य चांगलं गेलं’ हीं दोन वाक्यें येण्यास जागा असावी. मराठी माणूस हीं वाक्यें तोंडावर बोलावयास लाजतो, आणि नंतर शोकसभेंत तीं माईकवर बोलतो. ज्यानें ऐकावयाचीं तो मात्र तेव्हां तेथें नसतो.

असें बोलल्यानें मरण लवकर येत नाहीं आणि न बोलल्यानें तें टळत नाहीं. बोलल्यानें दुःखहि कमी होत नाहीं. जेवढें प्रेम तेवढें तें असावयाचेंच. कमी होतें तें त्या दुःखांत मिसळलेलें ‘विचारायला हवें होतें’ हें शल्य. आणि वास्तुपुरुषाला तथास्तु म्हणावयाचेंच असेल, तर म्हणूं द्यावें. पण तें ‘त्यांना काय हवें होतें, हें या घरांत सर्वांना ठाऊक होतें’ या वाक्याला. सगळें बोलणें एका बैठकींत संपलें पाहिजे, असेंहि नाहीं. जेवणें आटोपलीं आहेत, कोणाला कोठें जावयाची घाई नाहीं, अशा एखाद्या संध्याकाळीं कोणीं तरी पहिलें वाक्य बोलावें, आणि दुसऱ्यानें तें अडवूं नये.